वरचे आठ तास

रिसोड,
१६ सप्टेंबर २०२६

चि. रुचिकास,

जय जिनेंद्र आणि अनेक आशीर्वाद.

काल संवत्सरी झाली. क्षमापनेची छापील कार्डं दरवर्षीप्रमाणे टपालात पडली. ‘वर्षभरात मन, वचन, कायेने आपणास दुखावले असल्यास क्षमा असावी’, खाली ‘केशरीचंद व परिवार, भांड्यांचे व्यापारी, रिसोड’. नऊ वर्षं झाली, हेच कार्ड तुलाही हैदराबादला जातं. अकोल्याच्या ठोक व्यापाऱ्याला जे जातं तेच पोटच्या मुलीला. यंदा तुझं पाकीट चिकटवताना हात अडला. म्हटलं, केशरीचंद, निदान या एका पाकिटात तरी हातानं लिहिलेला कागद घाल.

म्हणून लिहायला बसलो. आता काय लिहू ते सुचत नाही.

आई बरी आहे. वॉकर घेऊन देवघरापर्यंत जाते, येताना भिंत धरते. तू एक तारखेला फोन करतेस, औषधं घेतली का विचारतेस, ती ‘हो’ म्हणते आणि दोन मिनिटांत फोन ठेवते. नंतर बराच वेळ फोन मांडीवर घेऊन बसते. हे तुला कळावं म्हणून सांगितलं.

दुकानात एक गिऱ्हाईक काल हटून बसलं. त्याला खिळ्यावरची ती जुनी स्टीलची चाळणी हवी होती. म्हटलं, विकायची नाही. तो काठावरचं कोरलेलं वाचून हसायला लागला, ‘शेटजी, तारीख चुकली वाट्टे, दोन आठ दोन हजार सत्तावीस?’ म्हटलं, चुकली नाही, यायची आहे.

तुला आठवतं का? २२ जुलै २००९, दिव्याची अमावस्या. तू बारा वर्षांची. पहाटे आपण दोघं दुकानाच्या गच्चीवर, चाळणी घेऊन, कारण चाळणीच्या भोकांतून ग्रहणातला सूर्य जमिनीवर शंभर जागी उमटतो हे मी तुला सांगितलं होतं. आणि आभाळ गच्च! सूर्याचा पत्ता नाही. नुसतं अंधारून आलं, समोरच्या टपरीवाल्यानं दिवा लावला, पुन्हा उजाडलं, संपलं. तू अशी रडलीस की मला खाली जाऊन नावं घालायचं मशीन सुरू करावं लागलं. चाळणीच्या काठावर कोरलं: ‘रुचिका, २-८-२०२७’. म्हटलं, रडू नको, हेच ग्रहण अठरा वर्षं अकरा दिवसांनी परत येतं. तेव्हा इथंच उभे राहू.

आता ते अकरा महिन्यांवर आलं आहे. त्या वर्षी जे झालं ते झालं. येशील का, एवढंच विचारतो.

तुझा,
बाबा


रिसोड,
२० नोव्हेंबर २०२६

चि. रुचिका,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं, तरी पोस्टमनला दोनदा चहा पाजला.

सोबत २०२७च्या उदयास्त तक्त्याचं प्रूफ आहे. पियूषच्या प्रेसमध्ये डिसेंबरात छापायचा आहे. रिसोडमधल्या आपल्या सगळ्या घरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर हाच लागतो. सूर्य उगवल्याशिवाय पाणी नाही आणि मावळल्यावर घास नाही, मग मिनिटाला किंमत आहे. मुंबईच्या वेळेतून सोळा मिनिटं वजा, हे माझ्या आजोबांचं गणित. ते हातानं लिहून वाटायचे. तू बाराव्या वर्षापासून लाल पेन्सिल घेऊन प्रूफ तपासायचीस, हंड्यांच्या उतरंडीला टेकून. तुझ्यामागं माझं मीच तपासतो आणि माझ्या चुका मला दिसत नाहीत. बघशील का?

तुझं खगोलाचं जुनं पुस्तक परवा उघडलं. माझा फार गर्व होता ना, की अठरा वर्षं अकरा दिवसांचा नियम मी शोधला? आजोबांच्या, वडिलांच्या आणि माझ्या तक्त्यांच्या पाठीवर टिपलेली सत्तर वर्षांची ग्रहणं लावून लावून काढला होता. तर तो बाबिलोनच्या लोकांना अडीच हजार वर्षांपूर्वीच ठाऊक होता. तेही आपल्यासारखेच, पिढ्यान्‌पिढ्या टिपत बसले, फक्त मातीच्या पाट्यांवर. ग्रहण का लागतं हे कळायच्या आधी केव्हा लागतं हे त्यांना कळलं, नुसतं नीट लिहून ठेवल्यामुळं! मला ती माणसं फार जवळची वाटली. ओल्या मातीवर टोचणारा एखादा केशरीचंद तिथंही असेलच.

आपल्याकडे तर पंधराशे वर्षांपूर्वी तेवीस वर्षांच्या एका मुलानं लिहून ठेवलं की राहू-केतू कोणी नाहीत, सगळा सावलीचा खेळ आहे. दक्षिणेत एक पंचांगवाला जमिनीवर कवड्या मांडून ग्रहण काढायचा, कागदावर एक आकडा न लिहिता. दोनशे वर्षांपूर्वी एका साहेबानं समोर बसून पाहिलं, चंद्रग्रहणाला चार मिनिटांचा फरक पडला. आईला हे वाचून दाखवलं. मग म्हटलं, आपल्या जुन्या ग्रंथांत तर दोन सूर्य आणि दोन चंद्र सांगितलेत. तर म्हणाली, “मंग येक झाकला तं दुसरा कुठी जाते? त्याले काहून पाठवत नाई?”

त्या पुस्तकात आणखी एक आहे. बाबिलोनच्या बाजूच्या राजांना ग्रहणाचा फार धाक. राजावर अरिष्ट येणार असं निघालं की ते काय करायचे, तर राजाला लपवायचे आणि दुसऱ्याच कोणाला तरी राजाचे कपडे घालून गादीवर बसवायचे. जे काय व्हायचं ते त्याच्या माथी. ग्रहण सुटलं की राजा परत गादीवर आणि तो दुसरा

हे इथंच राहू दे. दुकानात गिऱ्हाईक आलं आहे.

बाबा


रिसोड,
६ डिसेंबर २०२६

रुचिका,

प्रूफ मिळालं. पाकिटात चिठ्ठी नाही, नाव नाही, नुसता तक्ता आणि त्यावर लाल पेन्सिल. आईपासून लपवून तो मी तीनदा पाहिला. सातचा आकडा तू अजून तशीच काढतेस, मधे आडवी रेघ देऊन.

एकूण आठ दुरुस्त्या. सात मान्य. आठवी, २ ऑगस्टचा सूर्यास्त तू सहा अठ्ठावन्नचा सहा सत्तावन्न केला आहेस, तो मान्य नाही. आपल्या गच्चीवरून मी चाळीस वर्षं बघतो आहे, अठ्ठावन्नच. कम्प्युटरला आपली गच्ची माहीत नाही.

राहिली तक्त्याच्या पाठीवरची खूण. तिथं मी लिहिलं होतं, ‘सन २०१७च्या तक्त्यात ग्रहणाबाबत चूक छापली गेली होती, दिलगीर आहोत.’ तू तिथं काही खोडलं नाहीस. नुसतं एक प्रश्नचिन्ह काढलंस. मोठं.

कळलं मला. दिलगीर आहोत म्हणे! कोण आहोत? सांगतो.

११ ऑगस्ट १९९९ला आपल्याकडे संध्याकाळी मोठं ग्रहण दिसलं होतं. मधे एक लीप वर्ष जास्त, म्हणून अकराऐवजी दहा दिवस धरून माझ्या नियमानं ते २१ ऑगस्ट २०१७ला परत येणार. सगळ्या पंचांगांत ‘भारतात दिसणार नाही’ असं होतं. मी म्हटलं, सगळे एकमेकांची नक्कल करतात. तक्त्यात ठोकून छापलं, ‘सायंकाळी पाच ते सूर्यास्त, रिसोड येथे दिसेल’. त्या वर्षीचं प्रूफ मुद्दाम तुला पाठवलं नाही, कारण तू वाद घातला असतास.

आदल्या दिवशी पुण्याहून तुझा फोन आला. तू किती हळू बोललीस! म्हणालीस, बाबा, तुमचा नियम बरोबर आहे, पण तो अठरा वर्षं अकरा दिवस आणि वर आठ तास असा आहे. त्या आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरून जाते. ग्रहण येतं ते बरोबर येतं, पण दुसऱ्याच्या अंगणात. उद्या ते अमेरिकेत दिसणार, तेव्हा आपल्याकडे रात्र. हे वरचे आठ तास मला माहीतच नव्हते असं नाही. माझ्या आकड्यांत ते दर वेळी उरायचे. मी सोडून द्यायचो. अठरा वर्षांपुढं आठ तास कोण धरतो?

मी फोन आपटला.

गाव तर हसतच होतं. माझ्यावर विश्वास ठेवला तो एकट्या तुझ्या आईनं. पर्युषण चालू, तिच्या आठ दिवसांच्या अठाईचा चौथा उपवास, पोटात उकळलेल्या पाण्याशिवाय काही नाही. ग्रहणाचे वेध पाळायचे तर तेही सकाळपासून बंद. आपल्यात हे पाळायचं बंधन नाही, पण ती माहेरापासून पाळते. मला म्हणाली, “अवो, रुचीले इचारलं काय? ती शिकून राह्यली ना हेच.”

आणि मी म्हटलं, “विचारलं. तिनं कम्प्युटरवर पाहिलं. बरोबर आहे म्हणाली.”

दिवसभर तिनं थेंब घेतला नाही. आभाळ स्वच्छ होतं आणि सूर्य पुरा, वाटोळा, हसत मावळला. संध्याकाळी जैन स्थानकाच्या पायऱ्यांवर ती चक्कर येऊन पडली, खुबा मोडला.

अकोल्याला दवाखान्यात तू धावत आलीस. ऑपरेशन झालेलं. आई तुला म्हणाली, “तू तं बरोबर हाय म्हणली होती ना वो बाई?” तू माझ्याकडे पाहिलंस. मी मोसंबी सोलत होतो. आयुष्यात मोसंबी इतकी बारकाईनं कोणी सोलली नसेल. मग तू म्हणालीस, “हो आई. माझंच चुकलं.”

त्यानंतर तू या घराची पायरी चढली नाहीस. आणि मी दरवर्षी तुला छापील कार्ड पाठवलं.

मागच्या पत्रात ज्या माणसाची गोष्ट अर्धी सोडली, राजाऐवजी बसवून शेवटी मारला जाणारा, तो तू आहेस. मी लपलो आणि तुला त्या गादीवर बसवलं. तिथल्या राजाला निदान ग्रहण सुटल्यावर परत गादीवर यायची घाई असायची. मी नऊ वर्षं लपूनच राहिलो.

तक्त्याची पाठ नव्यानं लिहितो. पण तो तुझ्या आईच्या चुलीसमोर लागणार, म्हणजे तिला आधी सांगायला हवं. पोरी, मला फार भीती वाटते आहे.

बाबा


रिसोड,
१५ डिसेंबर २०२६

रुचिका,

तुला आईकडून कळलंच आहे. तरी माझ्या हातचं असावं.

जेवणानंतर सांगितलं. ती मूग निवडत होती. मी सगळं सांगितलं, फोन, खोटं, मोसंबीसुद्धा. ती निवडायची थांबली नाही. ताट संपलं, मग म्हणाली, “म्हंजे पोरगी तुमच्यासाठी खोटं बोलली. अन् मी माह्या लेकराशी नऊ वर्सं तोलून-मापून बोलली. अन् तुमी रोज माह्यासमोर बसून चहा पेत राह्यले.”

मी म्हटलं, हो.

“खुबा मोडला ते काई नाई,” ती म्हणाली, “तो कसा तरी सांधते. हे नऊ वर्सं कसे सांधतीन?”

दोन दिवस माझ्याशी एक अक्षर नाही. ताट वाढायची, पण समोर बसायची नाही. तिसऱ्या दिवशी वॉकर घेऊन आतल्या खोलीत गेली, दार लावलं आणि तुला फोन केला. चाळीस मिनिटं. बाहेर बसून मोजली, खोड जात नाही. आतून रडण्याचा आवाज आला. मग बऱ्याच वेळानं हसण्याचा. ते हसू मी या घरात विसरलो होतो.

बाहेर आली आणि एवढंच म्हणाली, “आता छापा. अन् तिचं नाव मोठ्या अक्षरात टाका.”

पियूष कागद वाचून चपापला. “काकाजी, असं कोणी छापत नसते वो.” त्याला म्हटलं, तू अक्षरं जुळव. छापलं आहे ते असं:

‘सन २०१७च्या तक्त्यातील ग्रहणाची चूक माझी होती. माझी मुलगी रुचिका हिने आदल्या दिवशी मला बरोबर सांगितले होते. मी ऐकले नाही, आणि तिच्या नावावर खोटे बोललो. केशरीचंद.’

एक प्रत पाठवतो. तपासायची नाही, फक्त ठेवायची.

बाबा


रिसोड,
१४ जानेवारी २०२७

रुचिका,

तीळगूळ पोचला का? आईनं केला आहे, मी नुसते डबे बांधले.

तक्ते वाटून झाले. स्थानकात दोघंतिघं माझ्याकडे न बघता निघून गेले. शेजारच्या सन्मतीच्या घरी म्हणे पाठ कापून नुसती पुढची बाजू लावली आहे, मुलांनी वाचू नये म्हणून. वाचू दे की! बरं वाटत नाही, हे खरं सांगतो. बाजारातून जाताना मान आपोआप खाली जाते. चीनमध्ये दोन राजज्योतिषी म्हणे दारू पिऊन ग्रहण सांगायचं विसरले, त्यांची मान उडवली. त्या मानानं माझं स्वस्तात निभावलं.

काल प्रेमसिंग आला होता, मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा. मुलीला भेटायला इकडे आला की दुकानात चक्कर असतेच. त्याला सूर्यास्ताशी काही घेणं नाही, पण तक्ता नेतो. उभ्या उभ्या पाठ मोठ्यानं वाचली, चार गिऱ्हाइकांसमोर. मग म्हणाला, “शेटजी, तुमी तं भिताडावरच लिवलं.”

“हो.”

“मंग, आली काय पोरगी?”

“नाही.”

तो हंड्यांकडे वळला. पाण्याचा एक पितळी गुंड घेतला आणि म्हणाला, याच्यावर नाव घाला, रेणू. त्याच्या मुलीचं नाव. म्हटलं, लग्न-बारसं काय आहे, तारीख कोणती टाकू? “काईच नाई. कोन्ती तारीख लागते काय पोरीले द्याले?”

मी नाव कोरलं. मात्रा वाकडी आली. तो म्हणाला, राहू द्या.

बाबा


रिसोड,
२५ जुलै २०२७

रुचिका,

रोज आईशी बोलतेस. आतून आवाज येतो, तूर कशी आहे, पाऊस किती, गुडघ्याला काय लावतेस. माझं नाव निघत नाही आणि मी काढायला सांगत नाही.

आठ दिवस राहिले. इजिप्तमध्ये खग्रास आहे, आपल्याकडे चारच्या सुमारास सुरू होऊन साडेपाचनंतर सुटेल, सूर्याचा कडेचा एक घास जाईल इतकंच. तेही आभाळ राहिलं तर. दोन दिवस झडी लागली आहे. आता मला हेही कळलं आहे की हे ग्रहण आपल्याकडे परत येतं यात माझ्या नियमाची हुशारी नाही. २००९ला ते आपल्याकडे पहाटे होतं, आठ तास पुढं सरकून दुपारनंतरचं झालं, म्हणून वाचलो. दुपारी बाराचं असतं तर तुला दिलेला शब्द समुद्रात पडला असता. बारा वर्षांच्या मुलीला मी वरचे आठ तास न धरता शब्द दिला आणि नशिबानं तो खरा ठरतो आहे.

ग्रहण येईल, ते सांगायला आता मी लागत नाही. तू येशील का हे मात्र कुठल्या पाटीवर लिहिलेलं नाही. नाही आलीस तर रागावणार नाही. चाळणी घासून ठेवतो.

बाबा


रिसोड, दुकानाची गच्ची
२ ऑगस्ट २०२७, संध्याकाळ

रुचिका,

तू खाली स्वयंपाकघरात आहेस आणि मी वर बसून तुला पत्र लिहितो आहे. हसशील. पण समोर मला बोलता येत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. निघताना हे तुझ्या पिशवीत ठेवीन.

दुपारी एकला वाशीमच्या एसटीतून तू उतरलीस तेव्हा पाऊस होता. मी दुकानात होतो. तू छत्री मिटलीस, खिळ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, “चाळणी कुठंय?” दहा वर्षांनी पहिला शब्द. म्हटलं, “घासून वर नेली आहे.” “बरं,” म्हणालीस, आणि वाकून माझ्या पाया पडलीस. मला आशीर्वाद देणं सुचलं नाही. मी म्हटलं, “ओली झालीस.” तो आशीर्वादच होता, समजून घे.

आईला आपण दोघांनी खुर्चीसकट गच्चीवर आणलं, तू पुढून, मी मागून. ती सारखी ओरडत होती, “पाडान मले अजून येकदा!” आणि हसत होती. चार वाजले, सव्वाचार झाले, आभाळ गच्च. मी घड्याळ बघत होतो, तू मला बघत होतीस. मला वाटलं, झालं, पुन्हा २००९. तू म्हणालीस, “बाबा, नाही दिसलं तरी लागलेलंच आहे ना वर.”

आणि पावणेपाचला फट पडली. सहा मिनिटं, जास्त नाही. तू चाळणी धरलीस आणि आईच्या पांढऱ्या लुगड्यावर एकदम शंभर सूर्य उतरले, प्रत्येकाच्या कडेला एक एक घास घेतलेला. आई हात हलवायला तयार नाही, सांडतील म्हणून. म्हणाली, “अवो, ग्रंथात तं दोनच हायेत म्हणे. हे इतके कुठून आले?” तू हसलीस. चाळणी हलली, सगळे सूर्य हलले. मग ढग आला आणि पदर पुन्हा पांढरा झाला.

तेव्हा मी म्हणणार होतो. ओठांवर आलं होतं. आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा. आणि मी म्हटलं काय, तर “चाळणी पुसून ठेव, गंज धरेल.” स्टीलला!

म्हणून इथं लिहितो. छापील नाही. रुचिका, मी तुझ्यावर अन्याय केला. तू मला वाचवलंस आणि मी तुला दहा वर्षं एकटं ठेवलं. मला क्षमा कर.

खालून आईची हाक येते आहे, “चला वो, सूर्य चालला.” तक्त्याप्रमाणे सूर्यास्त सहा अठ्ठावन्नला आहे आणि डिसेंबरात मी त्यावरून तुझ्याशी भांडलो होतो. मघाशी खाली पाणी प्यायला गेलो तेव्हा तुम्ही दोघी पोळ्यांत गुंतला होतात. चुलीसमोरच्या तक्त्यावर, लाल पेन्सिलीनं, मी अठ्ठावन्न खोडून सत्तावन्न केलं आहे. सातला मधे आडवी रेघ दिली आहे, तुझ्यासारखी.

येतो जेवायला. तुझ्या वेळेनं.

बाबा